इसरूचा पूरा डोस

रुखमा हलामीच्या तावडीतून अर्धी गोळी टाकून आजवर कोणी सुटलेलं नव्हतं. कुरखेड्याच्या पुढे जंगलात साठ-पासष्ट घरांचं तिचं गाव, आणि त्या गावाची ती सोळा वर्षांपासूनची आशा सेविका. तिकडे हिवताप म्हणजे घरचाच पाहुणा. त्याच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या असतात, पण ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि चौथ्या दिवशी माणूस टोपली घेऊन मोहफुलं वेचायला चालता होतो. मग रुखमा त्याच्या मागावर निघायची. पोलीस पाटील गुणवंतरावांना तिने एकदा मोहाच्या झाडाखाली गाठलं, दहा जणांसमोर तोंड उघडायला लावलं आणि अकरावी गोळी घशाखाली गेल्याची खात्री करूनच सोडलं.

"मी बरा झालो वो, रुखमाबाई," गुणवंतराव कळवळून म्हणाले होते.

"तुमी बरे झाले जी, किडा नाई मेला," रुखमा म्हणाली. "अर्धा डोस घेतला तं बिमारी वापस येते, आनि येते तं भावाले संग घेऊन येते. पूरा मंजे पूरा."

गावातली पोरं तिची नक्कल करताना हेच म्हणायची. रुखमाला त्याचा राग नव्हता, उलट आतून गुदगुल्याच व्हायच्या. आणि खरं सांगायचं तर तिच्या या हट्टाने गावात माणसं वाचली होती, त्यामुळे तिला नावं ठेवायची कोणाची छाती नव्हती.

इसरू हा तिचा नवरा. चोपन्न वर्षांचा, अबोल, बांबू तोडायच्या कामावर जन्म गेलेला. दोन वर्षांमागे त्याची पाठ दुखायला लागली. भारे उचलून दुखत असेल म्हणून रुखमाने बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि आपल्या शिस्तीप्रमाणे सकाळ-संध्याकाळ न चुकता त्याला दिल्या. मग एक दिवस नुसतं खोकताना त्याची बरगडी मोडली. चंद्रपूरच्या रुग्णालयात कळलं की दुखणं भाऱ्यांचं नव्हतंच, हाडांच्या आतल्या मगजात कॅन्सर होता. त्या रोगाने किडन्या अर्ध्या खाल्ल्या होत्या, आणि त्याला हातभार लावला होता त्या गोळ्यांनी. डॉक्टरांनी हे रुखमावर कसलाही ठपका न ठेवता सांगितलं. ठपका तिने स्वतःच उचलून डोक्यावर घेतला आणि पुढचे पाच महिने तो खाली ठेवला नाही.

त्या पाच महिन्यांत इंजेक्शनं झाली, रोग बराचसा दबला, आणि आता शेवटचं मोठं काम उरलं होतं. ते डॉक्टर सायमा शेख यांच्या हाती होतं. चंद्रपुरातच वाढलेली, चाळिशीची, झोप पुरी न झालेल्या डोळ्यांची ही बाई समजावून सांगायला मात्र कधी कंटाळायची नाही. शनिवारी आणि रविवारी इसरूला मशीनला जोडून त्याच्या रक्तातल्या मूळपेशी काढून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. रविवारी संध्याकाळी डॉक्टर खाटेशी स्टूल ओढून बसल्या.

"धानाच्या रोपांचे पऱ्हे काढून ठेवल्यासारखंच आहे हे, इसरूभाऊ," त्या म्हणाल्या. "आता बांधीतलं सगळं साफ करायचं, तणासकट. मग गुरुवारी पऱ्हे परत लावायचे. साफ करायचं औषध बुधवारी सकाळी. ते फार कडक असतं."

इसरूने मान हलवली. रुखमाने आपली वही काढली, कारण वहीशिवाय तिला काही ऐकूच येत नसे.

"हे औषध साधारणपणे दोनशेच्या हिशेबाने देतो," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "पण ज्यांना दुसरा आजार आहे, किडनी किंवा हृदय कमजोर आहे, त्यांना कमी करून देतो. एकशे चाळीसच्या हिशेबाने. रक्ताच्या तपासणीत यांची किडनी अठ्ठेचाळीस दिसते. साठच्या वर असती तर मी पूर्ण डोस दिला असता. पण अंग इतकं वाळलेलं असलं की रक्ताची तपासणी फसवते. म्हणून चोवीस तासांची लघवी जमा करू, खरं काय ते तिच्यातून कळेल. पऱ्हे फ्रिजमध्ये फार दिवस टिकत नाहीत, तेव्हा बुधवार चुकवता येणार नाही."

"आनि लघवीतही किडनी कमीच निघाली तं?" रुखमाने विचारलं.

"तर डोस कमी. घाबरायचं नाही त्यात."

घाबरायचं नाही म्हणे! रुखमाने वहीत दोनशे लिहिलं आणि त्याच्याखाली एकशे चाळीस. सगळ्या गावाला दमदाटी करून शेवटच्या गोळीपर्यंत नेणारी ती, आणि तिच्याच माणसाला कापलेला डोस? रोगाची मुळं राहतील, चार महिन्यांत तो परत उठेल, आणि तेव्हा काय म्हणायचं? क्षणभर तर तिच्या मनात असंही आलं की जंगलातला माणूस म्हणून हे लोक हात आखडता घेत असतील. लगेच तिची तिलाच लाज वाटली, पण विचार जो यायचा तो येऊन गेला होता.

सोमवारी सकाळी सात वाजता ललिता सिस्टरने पांढरी पाच लिटरची कॅन आणून बाथरूममध्ये ठेवली. ललिता सिस्टर नागभीडकडची, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून. "आताची पहिली सोडून द्या भाऊ," तिने बजावलं. "मग उद्या सकाळी सातपर्यंतची सगळी याच्यात. एक थेंब बाहेर गेला तं रिपोर्ट चुकते."

थेंब बाहेर जाऊ नये हे सगळेच सांगतात. दुसऱ्या कोणाची आत जाऊ नये, हे सांगायचं त्या बिचारीला सुचणार तरी कसं?

दुपारी दीडच्या सुमारास रुखमा बाथरूममध्ये गेली आणि तिने कॅन उचलून उजेडात धरली. तळाशी थोडीशी होती. इसरू दोनदा जाऊन आला होता तरी इतकीच! आशांच्या प्रशिक्षणात तिला शिकवलं होतं की लेकराची लघवी कमी झाली की धोका समजायचा, किडनी थकली समजायचं, धावपळ करायची. ते वाक्य तिच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलेलं होतं. कमी लघवी म्हणजे कमी किडनी, कमी किडनी म्हणजे कमी डोस, आणि कमी डोस म्हणजे रोग परत. तिने दाराची कडी लावली. तिच्या स्वतःच्या किडन्या ठणठणीत होत्या, उन्हातान्हात दहा कोस चालूनही तिला कधी काही झालं नव्हतं. तिने प्लास्टिकचा मग घेतला आणि त्यातून आपली लघवी त्या कॅनीत ओतली. नंतर हात साबणाने दोनदा धुतले.

संध्याकाळी तिने पुन्हा तेच केलं, आणि मंगळवारी सकाळी साडेसहाला तिसऱ्यांदा. सात वाजता ललिता सिस्टर कॅन घेऊन गेली तेव्हा म्हणाली, "वा! भाऊनं चांगलं काम केलं." रुखमा हसली. तिला खरोखरच बरं वाटलं, हेही सांगून टाकलं पाहिजे. आपल्या माणसासाठी आपण काहीतरी केलं, गोळ्यांचं पाप थोडं फेडलं, असं तिला वाटत होतं.

रिपोर्ट दुपारी तीनला आला. डॉक्टर सायमा कागद हातात घेऊनच खोलीत आल्या.

"एकोणऐंशी!" त्या म्हणाल्या. "रक्तावरून तर अठ्ठेचाळीस होती. मला इतकी अपेक्षा नव्हती." मग त्यांनी कागदाकडे पुन्हा पाहिलं, कपाळावर बारीक आठी आली. "रुखमाताई, कॅन नीट भरली ना? पाणीबिणी काही पडलं नव्हतं?"

"नाई जी," रुखमा म्हणाली. "पानी नाई पडलं."

ते खोटं नव्हतं, आणि त्याहून मोठं खोटं तिने आयुष्यात बोललं नव्हतं. इसरूने खाटेवरून तिच्याकडे एकदा पाहिलं. मग डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. स्वतः आशा सेविका, कागदपत्रं वेळेवर, औषधं वेळेवर, या बाईवर विश्वास ठेवायला त्यांच्याकडे कारणं भरपूर होती.

"मग उद्या अकराला, पूर्ण डोस," त्या म्हणाल्या. "दोनशेच्या हिशेबाने. चालेल ना, इसरूभाऊ?"

इसरूने मान हलवली.

पाच वाजता रुखमा चहा आणायला खाली व्हरांड्यात गेली. मनावरचा भार उतरल्यामुळे असेल, तिला कोणाशी तरी बोलावंसं वाटत होतं. बाकावर वहाबभाई बसले होते. नागभीडला त्यांचं गाद्या भरायचं दुकान. त्यांची बायको खुर्शीदा हिचं हेच सगळं गेल्या वर्षी याच रुग्णालयात झालं होतं, आणि आज ते तिला तपासणीला घेऊन आले होते. दर महिन्याच्या फेऱ्यांमध्ये दोन्ही घरांची ओळख झाली होती.

"उद्या मोठं औषध हाये आमचं," रुखमा म्हणाली. "पूरा डोस भेटला."

"पूरा?" वहाबभाईंनी कप खाली ठेवला. "अच्छा है भाभी, मंजे किडनी चांगली निघाली त्यायची. नसीबवाले आहेत. खुर्शीदाले तं कमी करूनच दिला होता. तिले शुगर, वरतून दिल कमजोर."

रुखमाने सावरून विचारलं, "मंग? बिमारी वापस आली?"

"नाई नाई. साल भरलं, आजही रिपोर्ट साफ आहे, अल्लाचा करम." वहाबभाई थोडे पुढे झुकले. "पन भाभी, कमी दिला तरी काय हाल झाले, मले विचारा. तोंडापासून खालपर्यंत सारी छाल निघाली. बारा दिवस थुंकी गिळता येत नोती तिले. मी मॅडमले म्हटलं, पूराच देऊन टाका, एकदाचं होऊन जाऊ द्या. तं मॅडम म्हणे, वहाबभाई, ही दवा अंगातून लवकर निघून गेली तं ठीक. कमजोर अंगात जास्त गेली तं ती कॅन्सरनंतर माणसालेच खाते. पूरा देते तो आज मैं यहाँ अकेला बैठा होता."

पुढे ते बरंच काही बोलले. खुर्शीदाबी आता पुन्हा उशांच्या खोळी शिवते, चिडतेसुद्धा, असं काहीतरी. रुखमाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिच्या हातातला चहा थंड झाला. अंगातून लवकर निघून गेली तर. कुठून निघून जाणार? किडनीतूनच ना! आणि इसरूची किडनी कॅनीत नव्हती, कॅनीत अर्धी तिची स्वतःची होती.

ती वर आली. इसरू खाटेवर बसून खिचडी खात होता, एक एक घास मोजल्यासारखा. तिने सांगायला तोंड उघडलं आणि "लोणचं देऊ का?" असं विचारलं. जिभेला कुलूप बसणं म्हणजे काय ते तिला त्या संध्याकाळी कळलं. ती मनाशी हिशेब मांडत राहिली. सांगितलं तर हे लोक आपल्याला हाकलून देतील, इसरूला तसंच घरी पाठवतील. आशाचं काम जाईल. लोकेशला, तिच्या मुलाला, कोण काय सांगेल? आणि न सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही, कदाचित इसरू ते औषध सोसून नेईल. बांबूचे एवढे भारे सोसले त्याने! असल्या कदाचितांवर तिने ती रात्र काढली. त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, झोप आली नाही एवढंच.

बुधवारी सकाळी सगळं इतक्या भरभर होऊ लागलं की तिला बोलायला फटच सापडेना. सहाला आंघोळ. सातला सलाईन. आठला वजन. साडेआठला डॉक्टर आल्या, पण त्यांच्याबरोबर आणखी चार जण होते, आणि त्या चौघांसमोर लघवीची गोष्ट काढायची कशी, म्हणून रुखमा खिडकीशी उभी राहून पदराचं टोक पिळत राहिली. डॉक्टर गेल्या. नऊ वाजले. साडेनऊ झाले. तिला वाटलं, आत्ता जाऊन सांगावं, आणि ती दारापर्यंत जाऊन परत आली. असं तीनदा झालं. इसरू डोळे मिटून पडला होता. त्याच्या छातीची फासळी न फासळी दिसत होती, वर-खाली होताना मोजता येत होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी ललिता सिस्टर वाटीभर बर्फाचे खडे घेऊन आली.

"औषध लावायच्या आधीपासून हा बर्फ तोंडात धरायचा भाऊ, लावून होईपर्यंत," ती म्हणाली. "तोंड गार राह्यलं तं छाले-फोड कमी होते. आता खाली औषध मिसळायला घेतील. एकदा मिसळलं की तासाभरात द्यावंच लागते, नाईतं फेकावं लागते."

रुखमाने वाटी खाली ठेवली, सिस्टरला जवळजवळ ढकलूनच ती बाहेर पडली आणि चपला न घालताच पळत सुटली. डॉक्टर सायमा जिन्याजवळ कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या.

"म्याडम," रुखमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "म्याडम, त्या कॅनीत माझी पन हाये."

डॉक्टरांनी फोन कानापासून दूर नेला. "काय?"

"लघवी. त्यायच्या लघवीत मीनं माझी टाकली."

एवढं ऐकल्यावर कोणीही आधी ओरडलं असतं. डॉक्टर सायमांनी एकच शब्द विचारला. "किती?"

"तीन डाव."

डॉक्टरांनी हातातला फोन तसाच कापला आणि औषध मिसळायच्या खोलीत लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. पुन्हा लावला. तीच घंटी. "ललिता!" त्यांनी हाक मारली तशी सिस्टर धावत आली. "खाली जा. हलामींचं औषध मिसळू नका म्हणावं. जिन्याने जा, लिफ्टची वाट पाहू नको!" ललिता सिस्टर दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. रुखमा भिंतीला टेकली. तिच्या ओठांवर आपोआप देवाचं नाव आलं, गावच्या वेशीतल्या त्यांच्या ग्रामदेवाचं, पेनाचं, आणि त्याला काय कबूल करावं तेही तिला सुचेना. ती नुसती "थांबव, थांबव" एवढंच म्हणत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. घड्याळाच्या हिशेबाने चार मिनिटं. मग डॉक्टरांचा फोन वाजला. पलीकडे ललिता सिस्टर होती, तिला धाप लागली होती. कुप्या टेबलावर काढलेल्या होत्या, पण अजून फोडल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला आणि मग मात्र त्या वळल्या. "काऊन केलं वो असं?" शहरातली स्वच्छ भाषा रागात कुठल्या कुठे गेली होती. "मी तुमाले काल विचारलं होतं! एकोणऐंशी पाहून मीच चक्रावली होती. तुमाले समजते का, काय झालं असतं?"

"पूरा डोस नाई भेटला तं बिमारी वापस येते," रुखमा हुंदके देत म्हणाली. "मीच सांगतो साऱ्यायले. सोळा साल झाले, मीच सांगून राह्यलो. मले वाटलं, त्यायले अर्धाच देऊन राह्यले."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्या रागात आणखीही काही होतं. काल आलेल्या शंकेचा आपणच पाठपुरावा केला नाही, हे त्यांना टोचत असावं.

"बसा," शेवटी त्या म्हणाल्या, आणि जिन्याच्या पायरीवर स्वतःही बसल्या. "हिवतापाच्या गोळीने किडा मरतो, माणसाला फारसं काही होत नाही. म्हणून ती सगळी द्यायची. हे औषध तसं नाही. ते कॅन्सरलाही मारतं आणि माणसालाही. किडनी कमजोर असेल तर ते अंगात जास्त वेळ राहतं, म्हणजे कमी दिलं तरी काम जास्त करतं. तुमच्या दोनशेने इसरूभाऊंच्या आतड्याची साल निघाली असती, किडनी बंद पडली असती. त्यातून मी त्यांना परत आणू शकले असते का, मला नाही सांगता येत."

रुखमाने तोंडावर पदर दाबला.

"आता नवीन कॅन भरायला वेळ नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "पऱ्हे फ्रिजमध्ये आहेत. रक्ताचा आकडा धरून चालू. एकशे चाळीस."

"आनि बिमारी वापस आली तं?"

"येऊ शकते," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्ण दिला असता तरी येऊ शकली असती. कधीच येणार नाही असं मी कोणालाच लिहून देत नाही." त्या उठल्या. "रिपोर्ट चुकला म्हणून डोस बदलला, एवढं मी इसरूभाऊंना सांगते. सही त्यांची पाहिजे. का चुकला, ते तुम्ही सांगायचं. आजच."

डॉक्टरांनी सांगितलं, इसरूने ऐकलं आणि नव्या कागदावर सावकाश आपलं नाव काढलं. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. सव्वाअकराला बर्फ सुरू झाला. साडेअकराला औषधाची बाटली आली, दोघी सिस्टरांनी नाव आणि आकडा एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवला, आणि स्वच्छ पाण्यासारखं दिसणारं ते औषध नळीतून उतरायला लागलं. अर्धा तास लागणार होता. रुखमा चमच्याने बर्फाचा एक एक खडा त्याच्या तोंडात ठेवत होती. ललिता सिस्टर थोडी दूर सरकून कागद भरत बसली.

"लोकेशच्या बाबा," रुखमा खाली मान घालून म्हणाली. "त्या कॅनीत मीनं..."

"मालूम हाये मले," इसरू म्हणाला. बर्फाने त्याची जीभ जड झाली होती.

"काय मालूम हाये?"

"मी सात डाव गेलो होतो. कॅन पाह्यली ना मीनं सकाळी. सात डावाचं नोतं ते, लय जास्त होतं." त्याने खडा गालात सरकवला. "तू कडी लावून बसे, तेही आयकू येत होतं."

रुखमाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "मंग बोलले काऊन नाई? काल म्याडम तुमच्यासमोर बोलली, पूरा डोस देतो मनून. तुमी मान हलवली!"

इसरूने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता. त्यात राग नावालाही नव्हता.

"तू टाकली मंजे काही समजूनच टाकली असशीन," तो म्हणाला. "तुले समजते ना त्यातलं. मले काय समजते?"

त्याने तिच्या हातून दीड वर्ष गोळ्या घेतल्या होत्या त्याही अशाच, न विचारता. उद्या तिने विष दिलं असतं तरी त्याने पाण्याचा पेला मागितला असता. रुखमाला वाटलं, याने उठून आपल्या थोबाडीत मारावी, शिव्या द्याव्यात, काहीतरी करावं. तो नुसता पुढच्या खड्याची वाट पाहत होता.

"मले नाई समजत," ती म्हणाली, आणि मग सिस्टर ऐकते आहे याची पर्वा न करता ढसाढसा रडली. "ह्यातलं मले काईच नाई समजत, लोकेशच्या बाबा. पुढच्या डावी मले विचारजा. रागवून विचारजा."

इसरूने सुईचा हात हलू न देता दुसरा हात तिच्या मनगटावर ठेवला. बर्फाने तोंड इतकं बधिर झालं होतं की त्याला शब्द नीट जुळवता येईनात. थोड्या वेळाने त्याने बाटलीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे किती हाये?"

ती आशा झाल्यापासूनच्या सोळा वर्षांत औषधाबद्दल त्याने असं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. रुखमाने डोळे पुसले आणि त्याला आकडा सांगितला.